मिसरांतील कबरी व आपल्या शेजारचीं शिलावर्तुळें

(शास्त्रपाठ : उत्पत्ति ५०:२२–२६, यहोशवा ४:१–७, प्रेषितांचीं कृत्यें ८:२६–३५)

उत्पत्तीच्या पुस्तकाचा शेवट मिसर देशांतील एका शवपेटीनें होतो. खेडेगांवच्या मंडळींत हा पाठ घेतला म्हणजे एक प्रश्न बहुधा येतोच : योसेफ देवाचा मनुष्य असतां त्याचें प्रेत परधर्मी लोकांच्या रीतीनें मसाला लावून कां ठेविलें? प्रश्न योग्य आहे. मिसरी लोकांची अशी समजूत होती कीं, देह टिकला तरच मेलेल्याचें पुढील जीवन टिकतें. म्हणून ते प्रेताचीं आंतडीं काढीत, तें एका जातीच्या खारांत वाळवीत व तागाच्या पट्ट्यांत गुंडाळीत. या सर्व विधीस सुमारें ७० दिवस लागत. याकोबाच्या मरणाच्या वृत्तांतांत चाळीस व सत्तर दिवसांचे जे आंकडे आहेत (उत्पत्ति ५०:३), ते या रिवाजाशीं चांगले जुळतात. योसेफाच्या प्रेताचा संस्कार त्या देशाच्या रीतीनेंच झाला. परंतु मरण्यापूर्वीं त्यानें जी एकच गोष्ट भावांपाशीं शपथेवर मागितली, ती त्या रीतीबाहेरची होती. पेटींत धान्य किंवा दागिने ठेवा असें तो म्हणाला नाहीं. देवाच्या अभिवचनाप्रमाणें हें घराणें येथून निघेल, तेव्हां आपलीं हाडें मागें राहूं नयेत, एवढीच त्याची इच्छा होती. पेटी मिसराची होती, विश्वास अब्राहामाचा होता.

आज मिसर देशीं जाणारा प्रवासी कैरो शहरीं उतरतो, आणि नाईल नदीपलीकडे गीझा येथें त्याला वाटाडे भेटतात. त्यांत फार चांगले जाणते असतात, तसे बक्षिसाच्या आशेनें वाटेल तें सांगणारेहि असतात. त्यांना आपण हंसूं नये, कारण आपल्या वर्गांतहि एक जुनी चूक चालत आली आहे. ती ही कीं, इस्राएल लोकांनीं दासपणांत पिरामिड बांधले. खुफू राजाचा मोठा पिरामिड, मूळचा सुमारें १४६ मीटर उंच, ख्रि. पू. २६ व्या शतकांतला आहे. म्हणजे तो अब्राहामाच्याहि पूर्वींचा. पवित्र शास्त्र तर पीथोम व रामसेस या कोठारनगरांचें व विटांचें नांव घेतें (निर्गम १:११, १४). पिरामिडांचा तेथें उल्लेखहि नाहीं. गीझाजवळ १९९० पासून मजुरांचीं थडगीं सांपडत गेलीं. राजाच्या कबरेशेजारीं ज्यांना मानाची मूठमाती मिळाली ते गुलाम नव्हते, असें शोधकांचें मत आहे.

याच्या उलट, शिक्षकांनीं जी गोष्ट अवश्य सांगावी ती क्वचितच कोणी सांगतो. १८९६ मध्यें फ्लिंडर्स पीट्री यांना थीब्झ येथें मर्नेप्ताह नांवाच्या फारोचा शिलालेख सांपडला. तो ख्रि. पू. १२०८ च्या सुमाराचा आहे. इस्राएलाचा आपण समूळ नाश केला, अशी बढाई त्यांत फारो मारतो. इस्राएल हें नांव कोरलेला इतका जुना दुसरा लेख सर्वमान्य नाहीं. नाश झाल्याचें ज्यानें लिहून ठेविलें, त्याचाच दगड आज साक्षीस उभा आहे!

परंतु मिसर दूर आहे, आणि तेथील भाड्याची सोय आपल्या मंडळींत थोड्यांचीच असेल. तेव्हां आपल्या अंगणाशेजारीं काय आहे तें पाहूं. नागपुराहून काटोलच्या रस्त्यानें गेल्यास कांहीं मैलांवर जुनापाणी लागतें. तेथें माळावर काळ्या धोंड्यांचीं सुमारें ३०० वर्तुळें आहेत. वर्तुळाच्या आंत दगडगोट्यांची भर आहे, आणि कांहीं धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे रांगेनें कोरलेले दिसतात. गवळ्यांच्या जुन्या वस्तीच्या ह्या खुणा, असें या प्रांतांतील लोक पुष्कळ ठिकाणीं सांगतात. वास्तविक हीं थडगीं होत. रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्यानें १८६७ मध्यें यांतील कांहीं खणलीं. पुढें १९६१–६२ मध्यें पुरातत्त्व खात्यानें जुनापाणी येथें, व त्यानंतर नागपूर विद्यापीठानें टाकळघाट–खापा आणि माहुरझरी येथें उत्खनन केलें. लोखंडी कुऱ्हाडी, सुऱ्या, छिन्न्या, काळीं-तांबडीं मडकीं, रंगीत खड्यांचे मणी असे पदार्थ निघाले. कांहीं थडग्यांत घोड्यांचीं हाडें होतीं, त्यांजबरोबर लोखंडी लगाम व घोड्याच्या मुखावर घालावयाचे तांब्याचे दागिनेहि होते. हे लोक ख्रिस्तापूर्वीं सुमारें हजार ते तीनशें वर्षांच्या दरम्यानचे. पेंच नदीकांठीं नायकुंड येथें त्यांची लोखंड गाळण्याची भट्टीहि सांपडली आहे. यशया यरुशलेमेंत संदेश देत होता, त्या सुमाराची ती असावी. आपल्या तालुक्याचा इतिहास काल-परवाचा नाहीं, हें मुलांना कळलें पाहिजे.

या वर्तुळांशीं आपल्या मंडळीचा संबंध दुसऱ्याहि प्रकारें जडला आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी रे. स्टीफन हिस्लॉप हे १८४५ मध्यें नागपुरीं आले. त्यांनीं शाळा चालविल्या, सुवार्ता सांगितली, आणि या प्रदेशांतील खडक, अश्मीभूत वनस्पति व गोंड लोकांच्या चालीरीति यांचा शोध केला. गोंडांची लिंगोची गाथा त्यांनीं परधान गायकाच्या तोंडून लिहून घेतली. ती त्यांच्या मरणानंतर १८६६ मध्यें रिचर्ड टेंपल यांनीं छापली. सुशिक्षित मिशनरी, आणि त्याचा वाटाड्या कोण, तर किंगरी वाजविणारा परधान! ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते टेंपल यांच्यासह टाकळघाटचीं वर्तुळें पाहण्यास गेले होते. परततांना पावसानें फुगलेल्या ओढ्यांत ते बुडाले, आणि त्यांचा घोडा एकटाच छावणीस आला. तें त्यांच्या वयाचें ४६ वें वर्ष होतें. त्यांच्या नांवाचें कॉलेज नागपुरांत १८८३ पासून आहे, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते कोणत्या वाटेवर मेले हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

आतां, उपदेशकानें आपल्या वर्गास अशा ठिकाणीं नेलें तर त्यानें काय करावें? फिलिप्पाकडे पाहावें. कूशी अधिकाऱ्याला वाटाड्या हवा होता, आणि तसें त्यानें बोलूनहि दाखविलें. परंतु फिलिप्प रथाजवळ धांवत गेला तेव्हां प्रथम त्यानें ऐकलें, मग विचारलें, आणि त्या मनुष्याचें बोट ज्या वचनावर होतें तेथूनच प्रारंभ केला. गांवांतील म्हाताऱ्या माणसाला अगोदर बोलूं द्यावें. तेथें भूत आहे असें तो म्हणाला तर हंसूं नये. मेलेल्यांचें भय हें शोकाचेंच एक रूप असतें. आणि ज्या ठिकाणीं आपल्याला ठाऊक नाहीं, तेथें तसें सरळ म्हणावें. त्यानें वाटाड्याची पत जात नाहीं.

त्या माळावर उभें राहिलें असतां कोणीतरी खालच्या आवाजांत विचारील : आमचे आजे-पणजे सुवार्ता न ऐकतां मेले, त्यांचें काय? हा प्रश्न टाळूं नये, आणि घाईनें त्यांना दोषी ठरवून विचारणाऱ्याचें अंतःकरण जखमी करूं नये. सर्व जगाचा न्याय करणारा अन्याय करणार नाहीं, हें अब्राहामानें धरलें (उत्पत्ति १८:२५), ज्यांना नियमशास्त्र मिळालें नाहीं त्यांच्याहि अंतःकरणावर देवानें कांहीं लिहिलें आहे, असें पौल शिकवितो (रोम. २:१४–१६). यापलीकडे निकाल देण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाहीं. ज्या हातानें त्या घोड्याला लगामासह पुरलें, तो हात प्रीतीचा होता, मेलेल्याच्या पुढच्या वाटेची त्याला काळजी होती, एवढें तरी ओळखावें.

आपल्यांतील कित्येक घरीं अद्यापि शवपेटींत विड्याचें पान, तंबाखू किंवा पैसा गुपचूप ठेवितात. पाळकानें कबरेपाशीं उभें राहून त्यावरून रागावूं नये. पुढें महिनाभरानें, रडणें ओसरल्यावर, त्या घरीं जाऊन योसेफाची गोष्ट वाचावी, आणि येशूच्या रिकाम्या कबरेंत काय होतें व काय नव्हतें तें घरच्यांनाच शोधून सांगावयास लावावें (योहान २०:५–७).

सहल न्यावयाची ती पौष-माघांत न्यावी. पावसाळ्यांत ओढ्यांचा भरंवसा नसतो. धोंडा हलवूं नये, खणूं तर मुळींच नये. धन पुरलें आहे या लोभानें कित्येक वर्तुळें फोडलीं गेलीं आहेत, आणि आंत निघतें तें मडकें व गंजलेलें लोखंड. शेत नांगरतांना कोणास जुनी वस्तु सांपडली, तर ती ठेवून घेऊं नये वा विकूं नये. १८७८ च्या कायद्यान्वयें दहा रुपयांवरील किंमतीच्या पुरलेल्या धनाची खबर जिल्ह्याच्या कलेक्टरास द्यावी लागते. तलाठ्यास कळविलें म्हणजे पुढील वाट तो दाखवील.