आकड्यावर सही करण्याआधी

चि. सायली,


पवनचक्कीच्या टॉवरच्या फ्लँजबोल्टसाठी अल्ट्रासॉनिक यंत्राचं कॅलिब्रेशन आता तू करणार, असं ताईने कळवलं. आनंद झाला. काम जोखमीचं आहे, म्हणून लिहितो.

टॉर्क रेंचने लावलेल्या जोराचा सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्ची पडतो. बोल्टमध्ये खरा ताण किती उतरला, हे रेंच सांगू शकत नाही. म्हणून तुझं यंत्र लागतं. पण तेही ताण मोजत नाही, वेळ मोजतं. ध्वनिलहर बोल्टच्या डोक्यातून शिरते आणि दुसऱ्या टोकावरून परतते. पोलादात तिचा वेग सेकंदाला सुमारे 5900 मीटर. आवळलेला बोल्ट लांबतो, शिवाय ताणामुळे लहरीचा वेगही घटतो. म्हणून वेळेवरून काढलेली वाढ खऱ्या वाढीच्या साधारण तिप्पट दिसते. नेमकं प्रमाण पोलाद आणि त्यावरच्या उष्णता-प्रक्रियेप्रमाणे बदलतं. ते तक्त्यातून उचलू नकोस.

ते काढायला साइटवर जाणाऱ्या लॉटमधलेच बोल्ट टेस्टिंग मशीनवर चढव. दोन्ही टोकं सपाट आणि समांतर घासलेली असू देत. पकडीची लांबी आणि नटात गुंतलेले आटे साइटइतकेच ठेव. भार टप्प्याटप्प्याने चढव, उतरतानाही वेळ नोंद. 10.9 प्रतीच्या एम24 बोल्टचा प्रूफ लोड सुमारे 293 किलोन्यूटन आहे. त्याच्या बऱ्याच आधी थांब. भार काढल्यावर रीडिंग मूळ जागी आलं नाही, तर कारण सापडेपर्यंत भार-वेळेचा तो आलेख बाजूला ठेव.

तापमानाला विसरू नकोस. बोल्ट तापला तरी वेळ वाढतो. आवळण्याआधीचं शून्य रीडिंग पहाटे घेतलं, आवळणी दुपारी झाली आणि तापमानाची दुरुस्ती राहिली, तर 10 अंशांचा फरक 50 मेगापास्कलहून अधिक खोटा ताण दाखवेल. कागदावर घट्ट दिसणारा बोल्ट वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर थकत जाईल, आणि त्या टॉवरवर माणसं चढतात.

म्हणून प्रत्येक अहवालात लॉट, पकडीची लांबी, तापमान आणि टेस्टिंग मशीनच्या लोडसेलचं प्रमाणपत्र लिही. नमुने न देता ‘मागचाच फॅक्टर टाका’ असं कोणी म्हणालं, तर नम्रपणे नाही म्हण. तारीख पुढे गेली तरी चालेल; ज्याचा आधार तुला दाखवता येत नाही, त्या आकड्याखाली सही करू नकोस.

तुझा,
मामा