जुन्या साखळी-करवतीचा जोर कां कमी होतो?

वळवाच्या वाऱ्यानें बांधावरचा निंब आडवा होऊन गाडीवाट अडली, म्हणजे पूर्वीं दोन माणसें आरा घेऊन दिवसभर खपत. आतां आमच्या केनवड येथें व रिसोड तालुक्यांतील इतर गांवींही या कामास पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, जिला आपण चेनसॉ किंवा नुसतें कटर म्हणतों, ती कांहीं शेतकऱ्यांच्या घरीं आढळते. हें यंत्र मूळचें जर्मनीकडील. तेथील डोल्मार नांवाच्या डोंगरावर १९२७ सालीं पेट्रोल-करवतीची चांचणी झाली व पुढें त्या डोंगराचेंच नांव यंत्रास पडलें.

यंत्र जुनें झालें कीं तक्रार बहुधा एकच ऐकूं येते. तें चालू होतें, मोकळें असतां चांगला आवाज देतें, परंतु लांकडांत घातलें कीं दम सोडतें. अशा वेळीं पुष्कळ लोक प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूस हात घालतात. तो स्क्रू सर्वांच्या शेवटीं फिरवावयाचा असतो, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

माझीच हकीकत सांगतों. माझी करवत अशीच मंदावली असतां एका कारागिरानें दुसरें कांहीं न पाहतां स्क्रू आवळून दिला. करवत एकदम तेज झाली व मलाही समाधान वाटलें. आठ दिवसांनीं मीं हवेची गाळणी साबणाच्या पाण्यानें धुऊन, पुरती वाळवून बसविली. त्याच दिवशीं दुपारीं बाभळीच्या बुंध्यांत करवत थांबली आणि पुन्हां दोरी ओढवेना. उघडून पाहतां पिस्टनवर उभे ओरखडे पडलेले होते. यांतील कारण असें कीं, मूळ दोष गाळणींत होता. ती भुशानें चोंदल्यामुळें हवा कमी व पेट्रोल अधिक जात होतें, म्हणून जोर नव्हता. कारागिरानें पेट्रोल त्या अपुऱ्या हवेच्या मापास आणून ठेविलें. गाळणी स्वच्छ होतांच हवा पूर्ववत् आली, पेट्रोल मात्र कमीच राहिलें. टू-स्ट्रोक इंजिनास वंगण पेट्रोलांतूनच मिळतें. सबब पेट्रोल कमी झालें कीं वंगणही कमी होतें, आणि त्यांत उष्णता वाढते. एका गाळणीपायीं सिलिंडर व पिस्टन गेले.

म्हणून तपासणीचा क्रम स्वस्त गोष्टींपासून धरावा. त्यांतही प्रथम इंजिन नव्हे, तर साखळी पाहावी. लांकडांतून जाड चिपा निघाल्या पाहिजेत. पिठासारखा भुसा पडत असेल तर दांत बोथट झाले आहेत असें समजावें. बुंध्याजवळच्या मातीस साखळी एकदां लागली कीं धार गेलीच. मग माणूस यंत्र दाबतो, दाबल्यानें इंजिनाचा आवाज पडतो आणि दोष इंजिनाच्या माथीं येतो. इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून व हातमोजे घालून साखळी हातानें फिरवून पाहावी. ती जड फिरत असेल तर ताण अधिक आहे, ब्रेक अर्धवट लागला आहे, किंवा पट्टीस तेल पोंचत नाहीं. इंजिन पूर्ण आवाजांत असूनही साखळी उभी राहत असेल तर क्लच झिजला आहे.

यानंतर हवेची गाळणी, व मग पेट्रोल. टाकींत नळीच्या टोंकास एक लहान गाळणी असते. ती वांकड्या तारेनें तोंडांतून बाहेर ओढतां येते; काळवंडली असल्यास नवीन घालावी. नळीस चिरा पडल्या आहेत काय हेंही तेव्हांच पाहावें. करवत पांच-दहा मिनिटें चालून बंद पडत असेल तर टाकीचें झांकण किंचित् सैल करावें. त्यानें जीव आला तर टाकींत हवा घेणारें छिद्र बुजलें आहे. तेलाचें प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेबरहुकूम ठेवावें. १:५० म्हणजे एका लिटरास २० मिलिलिटर व १:२५ म्हणजे ४० मिलिलिटर. बाटलीच्या बुचानें अंदाज करूं नये.

पेट्रोलविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे. ६ फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या देशांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें, आणि २०२५ सालीं मिश्रणाचें तें प्रमाण देशभर गांठलें गेलें. ऊस व मका पिकविणाऱ्यांस हें हितावह आहे. परंतु बहुतेक करवतींच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच मुभा असते. इथेनॉलमध्यें प्राणवायु असल्यानें त्याच स्क्रूवर मिश्रण पातळ होतें, म्हणजे हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडतें. रबराच्या जुन्या नळ्या व कार्ब्युरेटरमधील पातळ पडदा त्यानें बिघडतो. शिवाय इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. टाकी पावसाळाभर भरलेली राहिली तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशीं बसतात, आणि गाळणीही तळाशींच असते. यास्तव मिश्रण महिन्याभरांत संपेल इतकेंच करावें, व करवत ठेवून देतांना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवावें.

प्लग हा आंतील स्थितीचा साक्षीदार होय. त्याचें टोंक कॉफीसारखें तपकिरी असावें. काळें व ओलसर असल्यास हवा कमी किंवा तेल अधिक आहे. पांढुरकें व कोरडें असल्यास काम तेथेंच थांबवावें, कारण माझ्या करवतीची गति होण्यास तेवढेंच निमित्त पुरतें. सायलेन्सरच्या जाळींत काजळी सांठली असेल तर धूर बाहेर पडत नाहीं व जोर जातो. ती जाळी खरडून साफ होते.

इतकें झाल्यावरच स्क्रूकडे वळावें. एच अक्षराचा स्क्रू पूर्ण वेगाचा, एल अक्षराचा मंद चालीचा. हलक्या हातानें आंत नेत फेरे मोजून लिहून ठेवावेत. सामान्यतः तळापासून सुमारें एक फेरा उघडून आरंभ करितात. पूर्ण रेसवर करवत मोकळी असतां आवाज किंचित् घोगरा असावा व लांकडांत शिरतांच स्वच्छ व्हावा. मोकळी असतांनाच ती शिट्टीसारखी किंचाळत असेल तर स्क्रू थोडा उघडावा. रेस सोडल्यावरही इंजिन लौकर खालीं येत नसेल, तर कोठूनतरी, बहुधा तेल-सीलांतून, हवा शिरत आहे. तेथें स्क्रू फिरवून उपयोग नाहीं.

शेवटीं दाब. बटण बंद ठेवून दोरीची मूठ धरून करवत उचलावी. ती थांबत थांबत खालीं उतरली तर दाब शिल्लक आहे. एकदम खालीं आली तर रिंग किंवा सिलिंडर गेलें. सायलेन्सर काढून त्या वाटेनें पिस्टन पाहिला म्हणजे ओरखडे दिसतातच. माझ्या करवतीस नवीन जोडी घातली तेव्हां तेल-सीलही त्याच वेळीं बदलून घेतले. इंजिन पुन्हां उघडण्याची मजुरी सीलांच्या किंमतीहून जड पडते.