विनाशिकेवर पाहुणे मावतात कुठे?

प्रश्न : येमेनमध्ये अडकलेल्या भारतीयांना आणायला २०१५ मध्ये ‘आयएनएस मुंबई’ गेली होती म्हणे. क्षेपणास्त्रांची विनाशिका कशाला? साधं प्रवासी जहाज का नाही पाठवलं? आणि एवढी माणसं तिच्यावर राहिली कुठे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्रवासी जहाजंही निघाली होती. ‘कवरत्ती’ आणि ‘कोरल्स’ ही दोन जहाजं कोचीहून रवाना झाली. पण वाटेत चाच्यांचा टापू आणि पुढे तोफगोळे पडत असलेलं येमेनचं एडन बंदर. अशा ठिकाणी निःशस्त्र जहाज एकटं सोडता येत नाही.

विनाशिकाच कशाला, याचं खरं उत्तर २००६ च्या बैरुतमध्ये सापडतं. त्या वर्षी १४ जुलैला लेबनॉनच्या किनाऱ्यावरून सुटलेलं क्षेपणास्त्र ‘हानित’ या इस्रायली युद्धनौकेवर आदळलं आणि चार नौसैनिक ठार झाले. पुढच्या आठवडाभरातच त्याच किनाऱ्याला ‘मुंबई’ लागली. भूमध्य समुद्रातला दौरा आटोपून भारतीय ताफा घरी परतत होता, त्याला वाटेतूनच माघारी वळवलं होतं. बैरुतहून युद्धात अडकलेली माणसं घ्यायची आणि सायप्रसमधल्या लार्नाकाला उतरवायची, असं ते काम. ‘ऑपरेशन सुकून’मध्ये चार नौकांनी मिळून २,२८० जण बाहेर काढले, त्यांत श्रीलंका आणि नेपाळचे नागरिकही होते. येणारं क्षेपणास्त्र हेरणारं रडार, ते पाडण्याची सोय, ताशी तीसेक सागरी मैलांचा वेग आणि नौकेवरच डॉक्टर : हे सगळं विनाशिकेवर एकत्र मिळतं.

एडनला तर धक्क्याला लागणंच शक्य नव्हतं. ‘मुंबई’ बंदराबाहेर थांबली आणि लोक लहान होड्यांतून तिच्यापर्यंत आले. हलत्या होडीतून नौकेच्या उंच कडेवर चढायचं, तेही कडेवर मूल आणि हातात बोचकं घेऊन! अशा वेळी वर ओढून घेणारा खलाशाचा हातच कामी येतो. त्या खेपेला ४४१ जण आले, त्यांत निम्म्याहून अधिक परदेशी. नौकेवरचे स्वतःचे अधिकारी-खलाशी साधारण साडेतीनशे, म्हणजे घरच्यांपेक्षा पाहुणेच जास्त. १६३ मीटर लांबीच्या नौकेत रिकामी खोली म्हणून नसतेच. मग खलाशी आपले बंक सोडतात, मेसमध्ये आणि हेलिकॉप्टरच्या हँगरमध्ये अंथरुणं पडतात, भटारखाना दिवसरात्र चालू राहतो. प्रवास जिबुतीपर्यंतचाच, म्हणून हे जमतं. तिथून पुढे विमानं.

२००१ मध्ये नौदलात आलेली, माझगाव गोदीत बांधलेली ही नौका ‘दिल्ली’ आणि ‘म्हैसूर’ची धाकटी बहीण. तिची क्षेपणास्त्रं आणि पाणबुडीविरोधी शस्त्रं युद्धासाठीच आहेत. तरीही तिच्या सेवेतली ही दोन पानं मला सर्वांत मोलाची वाटतात. मोठ्या डागडुजीनंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती विशाखापट्टणमला गेली. आता पूर्वेकडच्या ताफ्यात आहे.