एक शस्त्रक्रिया, किंमती अनेक

काशीमीऱ्याच्या नाक्यावर घोडबंदर रस्ता द्रुतगती महामार्गाला मिळतो. समजा, तेथून दोन रुग्णवाहिका गेल्या आणि दोन्हींतील रुग्णांच्या अपेंडिक्सला सूज आली आहे. रोग एक, शस्त्रक्रिया एक, रुग्णालयही एक. तरीही दोघांची बिले सारखी येतील असे नाही. असे का व्हावे?

पहिले कारण खोली. पुष्कळ खासगी रुग्णालयांत खोलीचा दर्जा चढला की शल्यविशारदाचे शुल्कही चढते. (अपेंडिक्स मात्र तेच!) विम्यात अनेकदा रोजच्या खोलीभाड्याला मर्यादा असते, उदाहरणार्थ विमारकमेच्या शेकडा एक. विमा ३ लाखांचा असेल तर ती ३,००० रुपये झाली. रुग्णाने ६,००० रुपयांची खोली तीन दिवस घेतली. भाडे १८,००० आणि शल्यविशारद, शस्त्रक्रियागृह इत्यादींचे ६०,००० झाले. तुम्ही म्हणाल, जादा भाड्याचे ९,००० रुपये भरले की सुटलो. पण कंपनी गुणोत्तर लावते. ३,००० भागिले ६,००० म्हणजे निम्मे, आणि तेच गुणोत्तर त्या ६०,००० लाही लागते. घरून ३९,००० जातात! औषधे व तपासण्या २०२० च्या नियमांनी या कपातीतून वगळल्या आहेत; खोलीनुसार दर बदलत नसतील तेथे ही कपात करताच येत नाही. त्रैराशिक सोपे आहे, परंतु ते दाखल होतानाच मांडावे लागते, आणि त्या वेळी घरच्यांचे लक्ष पोटदुखीकडे असते.

दुसरे कारण घासाघीस. जुलै २०१० मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, बंगळुरू व चेन्नई येथील अनेक मोठ्या रुग्णालयांतील रोकडविरहित सोय थांबवली. विमेदार दिसला की बिल फुगते, ही त्यांची तक्रार. देऊ केलेले दर परवडत नाहीत, ही रुग्णालयांची. पुढे बोलणी होऊन नेहमीच्या शस्त्रक्रियांचे ठोक दर ठरले. कंपनीच्या मागे हजारो विमेदार असतात, म्हणून तिला दर उतरवून मिळतो. विमा नसलेला माणूस एकटा. त्याच्या वाट्याला दरपत्रकातील आकडा येतो.

ठोक दराने हिशेबही उलटतो. बाबवार बिलात रुग्ण एक दिवस अधिक राहिला तर रुग्णालयाची मिळकत वाढते. ठोक दरात तोच दिवस खर्चात जमा होतो. मग रुग्णाला लवकर घरी धाडण्याचा मोह होऊ शकतो, आणि माझ्या मते हा धोकाही लहान नाही.

काही ठिकाणी घासाघीस शक्यच नसते. हृदयाची धमनी तुंबून मेजावर पडलेला माणूस स्टेंटचा भाव काय करणार? अनेकांना औषधलेपित स्टेंटसाठी लाखावर रुपये मोजावे लागत. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, कर वेगळा.