मातीचे जुने धरण : सुरक्षितता आणि निगा

मातीचा बांध घालून पाणी अडविण्याची कला भारतात फार प्राचीन काळापासून चालत आली आहे. तमिळनाडूतील एरी, कर्नाटकातील केरे आणि भंडारा व गोंदिया भागांत कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव ही त्याची सुपरिचित उदाहरणे होत. असा बांध वर्षानुवर्षे उभा राहिला म्हणजे तो टेकडीसारखाच निसर्गाचा भाग आहे असे लोकांस वाटू लागते. परंतु ही समजूत घातक आहे. मातीचे धरण ही माणसाने रचलेली वस्तू आहे. तिची निगा थांबली की तिचा ऱ्हास सुरू होतो.

धरणाची रचना

मातीच्या धरणाचा छेद समलंब चौकोनासारखा असतो. वरच्या सपाट भागास माथा म्हणतात. तलावाकडील उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांची फरसबंदी केलेली असते, तर मागील उतारावर गवत राखतात. पुष्कळ धरणांत मधोमध चिकणमातीचा गाभा असतो व तो पाण्यास सहजासहजी वाट देत नाही. शेतीसाठी पाणी सोडण्याकरिता बांधाच्या तळातून मोरी नेलेली असते, आणि पुराचे जादा पाणी वाहून जाण्यासाठी बाजूस सांडवा ठेवलेला असतो.

सांडव्याचे महत्त्व

दगडी धरणाच्या माथ्यावरून काही काळ पाणी वाहिले तरी ते टिकण्याचा संभव असतो. मातीच्या धरणाचे तसे नाही. माथ्यावरून पडणारे पाणी मागील उतार खरवडून काढते आणि पाहता पाहता बांधास खिंडार पडते. दिनांक 11 ऑगस्ट 1979 रोजी गुजरातेतील मच्छू-2 धरणावर सांडव्याच्या क्षमतेहून कितीतरी मोठा पूर आला. पाणी बाजूंच्या मातीच्या बांधांवरून वाहिले, बांध फुटले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले.

निगा न राखल्याने काय घडते याचा बोधप्रद दाखला अमेरिकेतील साउथ फोर्क धरणाचा आहे. कालव्यासाठी बांधलेले हे मातीचे धरण पुढे अनेक मालकांच्या हाती गेले. एका मालकाने तळाशी असलेले पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून विकले. नंतरच्या मालकांनी घोडागाड्यांच्या सोयीसाठी माथा खाली आणला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसविल्या. दिनांक 31 मे 1889 रोजी अतिवृष्टी झाली, जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेले आणि धरण फुटले. खालच्या जॉन्सटाउन परिसरात 2,209 माणसे मृत्युमुखी पडली. यातील एकही फेरफार एरव्ही मोठा वाटला नसता. तेव्हा सांडव्यात झुडपे वाढू देणे, मासेमारीसाठी त्यात जाळी लावणे किंवा अधिक पाणी साठावे म्हणून त्यावर मातीच्या गोण्या रचणे या गोष्टी कटाक्षाने टाळल्या पाहिजेत.

पाझर : स्वच्छ आणि गढूळ

प्रत्येक मातीच्या धरणातून थोडेफार पाणी पाझरतेच. पाझर असणे हा दोष नव्हे. तो वाढणे किंवा गढूळ होणे हे संकटाचे चिन्ह होय. पाणी गढूळ आले याचा अर्थ असा की, ते आतील मातीचे कण वाहून आणीत आहे. अशा रीतीने बांधाच्या पोटात नळीसारखी पोकळी पडते व ती मागून तलावाच्या दिशेने वाढत जाते. मोरीच्या बाहेरील अंगास माती नीट दाबलेली नसल्यास हा धोका अधिक असतो. घुशींची व खेकड्यांची बिळे आणि कुजलेली मुळेही पाण्यास वाट देतात. म्हणून बांधावर मोठी झाडे वाढू देऊ नयेत.

पाझर मोजणे अवघड नाही. पायथ्याशी जमणारे पाणी एका पन्हळीतून काढावे व बादली भरण्यास लागणारा वेळ घड्याळावर पाहावा. 20 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली, तर पाझर सेकंदास अर्धा लिटर, म्हणजे दिवसास 43,200 लिटर होय. तलावाची पातळी समान असताना घेतलेल्या मापांचीच तुलना करावी.

तपासणी व उपाय

पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि प्रत्येक मोठ्या पुराच्या वेळी संपूर्ण बांध पायी फिरून पाहावा. माथा कोठे खचला आहे काय? लांबीच्या दिशेने भेग गेली आहे काय? उतार फुगला किंवा घसरला आहे काय? पायथ्याशी नवी ओल अथवा वाळूसह उसळणारे पाणी दिसते काय? या प्रश्नांची उत्तरे तारखेसह वहीत लिहावीत. एका वर्षाच्या नोंदीपेक्षा दहा वर्षांच्या नोंदी पुष्कळ अधिक सांगतात.

मागील बाजूस पाणी उसळू लागल्यास ते चिकणमातीने बुजवू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडे वाट काढते. त्यावर प्रथम जाड वाळू, मग खडी व शेवटी दगड असे थर द्यावेत, म्हणजे पाणी निघून जाते पण माती अडून राहते. तलावाची पातळी मोरीतून उतरवावी. मात्र ती एकदम उतरविल्यास तलावाकडील भिजलेला उतार घसरण्याचा संभव असतो, हे ध्यानात ठेवावे. त्याच वेळी अभियंत्यास कळवावे आणि खालच्या वस्तीस सावध करावे.

जबाबदारी कोणाची?

भारताचा धरण सुरक्षा कायदा 2021 मध्ये झाला. तो 15 मीटरहून उंच धरणांस आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या, विशिष्ट अटींत बसणाऱ्या धरणांस लागू आहे. गावोगावचे बहुसंख्य लहान बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतात. दक्षिणेत एरींची डागडुजी गावाने मिळून करण्याची कुडीमरामत नावाची जुनी प्रथा होती. अशा सामूहिक निगेची आवश्यकता आजही संपलेली नाही. धरण लहान असले तरी त्याच्या खाली राहणाऱ्या कुटुंबास त्याचा धोका लहान नसतो; आणि तो टाळण्यास लागणारी साधने म्हणजे कुदळ, विळा, बादली व एक वही ही प्रत्येक गावी उपलब्ध असतात.