हर्षल ग्रहाचा शोध : बदललेल्या वाटेचा एक चरित्रपाठ

मराठी पंचांगांत व राशिभविष्यांत ‘हर्षल’ हे नाव नित्य आढळते. शास्त्रीय ग्रंथांत ज्यास युरेनस म्हणतात, त्याच ग्रहाचे हे नाव होय. ते शोधकाच्या नावावरून पडले. हा शोधक, विल्यम हर्शेल, ज्योतिषशास्त्राचा पंडित म्हणून वाढलेला नव्हता. त्याने ग्रह शोधला तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता, आणि त्या दिवसापर्यंत त्याचे पोट संगीतावर चालत होते. सूर्यमालेचा पाठ शिकविताना ग्रहांची नावे क्रमाने पाठ करून घेतली जातातच. त्याच वेळी ही हकीकत सांगितल्यास त्या पाठास जिवंतपणा येईल आणि शिक्षकांनाही स्वतःच्या कार्याविषयी काही विचार करावयास मिळेल.

पाठाचा हेतू

आयुष्यात दिशा बदलली म्हणजे मागचे सारे वाया गेले, असा समज मुलांत व पालकांत सर्वत्र आहे. पहिल्या वाटेवर मिळविलेली शिस्त दुसऱ्या वाटेवर उपयोगी पडते, हे उदाहरणाने दाखविणे हा या पाठाचा मुख्य हेतू होय.

पाठ्यवस्तू

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील लष्करी वाद्यवृंदात वादक होते. मुलगाही चौदाव्या वर्षी त्याच वाद्यवृंदात दाखल झाला. १७५७ साली युद्धाच्या धामधुमीत तो इंग्लंडला गेला. तेथे स्वरलिपीच्या नकला करून, शिकवण्या धरून व गावोगाव वाद्ये वाजवून त्याने दिवस काढले. पुढे १७६६ साली बाथ या शहरी प्रार्थनामंदिरातील ऑर्गनवादकाची जागा त्यास मिळाली.

त्याच्या वाटेस वळण लागले ते संगीताच्याच पोटातून. स्वरांचे गणित समजावे म्हणून त्याने रॉबर्ट स्मिथ या लेखकाचा स्वरशास्त्रावरील ग्रंथ वाचला. त्याच लेखकाचा प्रकाशशास्त्रावरील ग्रंथही होता. तो हाती घेताच दुर्बिणीची रचना त्यास कळली. १७७३ साली त्याने ज्योतिषशास्त्राचे एक पुस्तक विकत घेतले. मोठी दुर्बीण विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ती स्वतः घडविण्याचा त्याने निश्चय केला. दिवसा शिकवण्या व जलसे आणि रात्री आकाश, असा क्रम पुढे अनेक वर्षे चालला.

त्या काळी दुर्बिणीचा आरसा धातूचा असे. आपल्या घरातील काशाची वाटी ज्या तांब्याची व कथिलाची, तेच धातू त्यात असत. मात्र कथिलाचा अंश अधिक असे. हा आरसा घासणे मोठ्या चिकाटीचे काम होते. एकदा विल्यमने सोळा तास हात उचलला नाही. त्या वेळी त्याची बहीण कॅरोलिन त्याच्या तोंडात घास भरवीत असे. एका मोठ्या आरशाच्या ओतकामासाठी घोड्याची लीद कुटून व चाळून साचा केला. भट्टीतून वितळलेला रस गळाला, जमिनीवरील फरशा फुटून उडाल्या आणि सर्वांना पळ काढावा लागला. काही दिवसांनी कामास पुन्हा प्रारंभ झाला.

१३ मार्च १७८१ रोजी रात्री दहा ते अकराच्या दरम्यान त्याला मिथुन राशीच्या परिसरात एक ठिपका दिसला. तारा दुर्बिणीतूनही बिंदूच राहतो. हा ठिपका मात्र अधिक शक्तीची भिंगे लावताच मोठा दिसू लागला. प्रथम तो धूमकेतू असावा असे विल्यमला वाटले. पुढे गणितज्ञांनी त्याची कक्षा काढली आणि तो शनीच्याही पलीकडचा ग्रह ठरला. शनीपेक्षा सूर्यापासून सुमारे दुप्पट दूर असलेला हा ग्रह ८४ वर्षांत एक प्रदक्षिणा करतो. १६९० साली फ्लॅमस्टीड या ज्योतिर्विदाने तो पाहिला होता, परंतु तारा समजून नोंदविला होता. पाहणे ही देखील वाद्याप्रमाणे सरावाने शिकावयाची कला आहे, असे विल्यमचे मत होते. त्याचे डोळे त्या सरावात तयार झाले होते.

१७८२ साली राजाने त्यास वार्षिक २०० पौंडांचे वेतन दिले. संगीतापासून याहून अधिक प्राप्ती होत असे; तरीही त्याने संगीताचा धंदा सोडला. तूट भरून काढण्यासाठी दुर्बिणी करून विकल्या. दिशा बदलण्याची किंमत त्याने पैशात मोजली, ही गोष्ट मुलांपासून लपवू नये.

दुसरी किंमत कॅरोलिनने मोजली. लहानपणी आलेल्या ज्वरामुळे तिची उंची खुंटली होती, आणि आईने तिला घरकामापुरतीच ठेवली होती. विल्यमने आईस मोलकरणीचा खर्च लावून देऊन १७७२ साली तिला इंग्लंडला आणले. ती गाणे शिकली आणि जलशांत प्रमुख गायिका म्हणून उभी राहू लागली. भावाने संगीत सोडताच तिचेही गाणे सुटले. साहाय्यक म्हणून रात्र रात्र थंडीत बसून टिपणे घेणे आरंभी तिला रुचले नाही. १७८३ च्या अखेरच्या रात्री बर्फात धावताना लोखंडी आकडा तिच्या पायात घुसला, तरी काम थांबले नाही. तथापि तिला स्वतःची लहान दुर्बीण मिळाली, आणि १७८६ ते १७९७ या काळात तिने आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिला वार्षिक ५० पौंड मिळू लागले. आपल्या मर्जीने खर्च करावा असा हा आपला आयुष्यातील पहिलाच पैसा, असे तिने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. १८२८ साली लंडनच्या ज्योतिषशास्त्रीय संस्थेने तिला सुवर्णपदक दिले. मृत्यूसमयी, १८४८ साली, ती सत्त्याण्णव वर्षांची होती.

शिक्षकबंधुभगिनींनी तिच्या चरित्रातील एक नोंद विशेष ध्यानात ठेवावी. कॅरोलिनला पाढे कधीच पाठ झाले नाहीत. पाढ्यांचा कागद ती सदैव जवळ बाळगी. त्या कागदाच्या आधाराने तिने ताऱ्यांच्या स्थानांची हजारो गणिते केली.

वर्गातील मांडणी

प्रथम काशाची वाटी दाखवून धातूंची नावे विचारावीत. नंतर स्टीलची चकचकीत नवी पळी मुलांच्या हाती द्यावी. पळीच्या खोलगट बाजूस हातभर अंतरावरून पाहिल्यास चेहरा उलटा दिसतो आणि फुगीर बाजूस सुलटा दिसतो. खोलगट आरसा प्रकाश एकत्र आणतो, एवढे तेथेच सांगावे. म्हणजे दुर्बिणीचे तत्त्व समजण्यास सोपे जाईल. मग कथा सांगावी. ती सांगताना विल्यमइतकाच वेळ कॅरोलिनला द्यावा. कारण वर्गात बसलेल्या मुलींना ही हकीकत आपलीही वाटली पाहिजे.

अखेर पुढील प्रश्न घ्यावेत : (१) संगीतातून विल्यम प्रकाशशास्त्राकडे कसा वळला? (२) फ्लॅमस्टीडने पाहिलेला ग्रह त्यास का ओळखता आला नाही? (३) भावाने वाट बदलताना बहिणीस काय सोडावे लागले, आणि तिला पुढे काय मिळाले? तिसऱ्या प्रश्नास ठरीव उत्तर नाही. मुलांमध्ये मतभेद झाल्यास ते होऊ द्यावेत.

समारोप

भजनी मंडळात मृदंग वाजविणारा मुलगा गणितात मागे असतो, किंवा एखादी हुशार मुलगी पाढ्यांपाशी अडते. अशा वेळी ‘शास्त्र याच्या वाट्याचे नाही’, ‘हिला गणित येणार नाही’, असा शेरा तोंडून सहज निघून जातो. प्रगतिपुस्तकावरील शेरा पुसता येतो. मुलाच्या मनावरील शेरा पुसला जात नाही. मृदंगाच्या मुलास बोलांतील मात्रा मोजावयास लावाव्यात. तेथूनच त्याला अपूर्णांकांकडे नेता येईल. पाढ्यांपाशी अडणाऱ्या मुलीस पाढ्यांचा कागद जवळ ठेवू द्यावा आणि पुढील उदाहरण द्यावे. पाढे पाठ करून घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहेच; परंतु ते पाठ झाले नाहीत म्हणून पुढचे दार बंद करण्याचा अधिकार त्याला नाही.