दारापुढचा लाल तुरा : साल्व्हिया

आपल्या दारात तुळस असते. तिचा कोवळा देठ बोटांनी चाचपून पाहा. तो गोल लागत नाही, चौकोनी लागतो. पानं समोरासमोर जोडीनं येतात. आता एखाद्या बागेत लाल तुऱ्यांचं झाड दिसलं, तर त्याचाही देठ चाचपा. तोही चौकोनी! हे झाड म्हणजे साल्व्हिया. ते तुळशीच्याच कुळातलं. याचं मूळ घर मात्र फार दूर, ब्राझील देशात. पण तुळशीची बहीण म्हणून त्याची पानं काढ्यात घालू नका हं. हे झाड फक्त शोभेचं.

कोणी म्हणेल, फुलझाडानं पोट भरतं का? नाही भरत. साल्व्हिया हारालाही चालत नाही. त्याची लाल नळी हात लागताच गळते. म्हणून कोणी कितीही गोडवे गायले, तरी विक्रीसाठी ते वावरात लावू नये. बाजाराला आपला झेंडू आहेच. ओट्यावर चार डबे ठेवण्यापुरतं मात्र हे झाड फार चांगलं. नळी गळली तरी तिच्या बुडाची वाटी लालच राहते. त्यामुळं तुरा पुष्कळ दिवस शोभतो.

गणपती उठले की बी पेरावं. म्हणजे थंडीत झाड फुलावर येतं. तेलाचा जुना डबा किंवा फुटकी घागरसुद्धा चालते. बुडाला चार-पाच भोकं पाडा. भोकांवर खापराचे तुकडे ठेवा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू मिसळून भरा. ताजं शेण घालू नका.

बी वर पसरून हलकेच दाबा. ते खोल पुरू नये. या बियांना रुजायला उजेड लागतो. म्हणून वर गोणपाटही झाकू नका. तांब्यानं पाणी ओतलं तर बी वाहून जाईल. त्यापेक्षा डबा पाण्याच्या घमेल्यात ठेवा. वरची माती ओली दिसली की काढून घ्या. दहा-पंधरा दिवसांत कोंब दिसतात.

या वेळी रोपं फार नाजूक असतात. माणसं मायेनं सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात, आणि रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. वरची माती सुकलेली दिसेल तेव्हाच पाणी द्यावं. परतीचा पाऊस आला तर डबा पडवीत घ्यावा.

चार-सहा पानं आली की एका कुंडीत एक रोप लावा. जमिनीत लावायचं तर दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा. रोप वीतभर होण्याआधी शेंडा खुडावा. जीव तुटतो खरा, पण बाजूनं फांद्या फुटतात आणि एकाच्या जागी चार तुरे येतात. पेरल्यापासून फुलं यायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. सकाळचं ऊन द्या. उन्हाळा लागला की दुपारची सावली हवी. युरिया जास्त पडला तर नुसता पाला माजतो.

आता बियांचं. दर वर्षी विकतचं पाकीट कशाला? तुऱ्याच्या प्रत्येक वाटीत तळाशी फार तर चार बिया असतात. तुळशीच्या मंजिरीतही तशाच असतात, सोलून पाहा. वाटी सुकून फिकी पडली की बी लगेच खाली सांडतं. म्हणून पिकत्या तुऱ्याला पातळ फडक्याची सैल पिशवी बांधावी. संकरित जातीचं बी मात्र ठेवू नये. त्यातून पहिल्यासारखी झाडं येतीलच असं नाही. पाकिटावर काय छापलंय ते आधी वाचा.

बी दोन दिवस सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत बांधा. पुडीवर झाडाचं नाव, फुलाचा रंग आणि महिना आपल्याच हातानं लिहा. मग पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा चुलीजवळच्या फळीवर नको, थंड कोनाड्यात असू द्या.